‘कमनीय’ म्हणजे नेमके काय?

गेल्या आठवड्यात माझी भाची आणि तिच्या दोन मैत्रिणी महाविद्यालयाच्या वार्षिक अंकाचे काम घेऊन फोंड्याला आमच्या घरी आल्या होत्या. छायाचित्रांखालच्या ओळी लिहायच्या होत्या. एका छायाचित्रात त्यांच्याच संघाची फुगडी होती, आणि तिच्याखाली एकीने लिहिले, ‘कमनीय बांध्याच्या विद्यार्थिनींनी सादर केलेली फुगडी’. त्या शब्दावरून तिघींत जुंपली ती चहा निवेपर्यंत. भाचीच्या मते ‘कमनीय’चे नाते ‘कमान’शी आहे, म्हणजे कमानीसारखा वळणदार. दुसरीला तो ‘कमी’वरून आलेला वाटत होता, म्हणजे वजनाने कमी. तिसरीने एवढेच सांगितले की हा शब्द तिने वर्तमानपत्राच्या पुरवणीत नटीच्या छायाचित्राखालीच पाहिलेला आहे आणि तो नटीखेरीज कोणाला लावत नाहीत. पहिल्या दोघींची व्युत्पत्ती चुकली होती. तिसरीने व्युत्पत्ती सांगितलीच नाही, पण शब्दाचा वापर तिनेच नेमका ओळखला होता.

‘कमनीय’ शब्दात ना कमान आहे ना कमी. संस्कृतात ‘कम्’ या धातूचा अर्थ इच्छा करणे असा आहे; काम, कामना, कामिनी हे सगळे त्याच्याच गोतावळ्यातले, आणि आपल्या आज्यांच्या पिढीत मुलींचे नाव म्हणून घरोघरी असलेले ‘कांता’ हेही. त्या धातूला ‘अनीय’ हा प्रत्यय लागला की ‘जिची इच्छा करावी अशी’ हा अर्थ तयार होतो. वाचनीय पुस्तक म्हणजे वाचावे असे, स्मरणीय प्रसंग म्हणजे आठवावा असा, निंदनीय कृत्य म्हणजे निंदा करावी असे. या प्रत्ययाची गंमत अशी की वाचणारा, आठवणारा, निंदा करणारा शब्दाबाहेर उभा असतो आणि ज्याच्याविषयी बोलणे चालले आहे ते पुस्तक किंवा कृत्य स्वतः काहीच करत नाही. ‘प्रेक्षणीय स्थळे’ हे उदाहरण देताच भाची म्हणाली, “म्हळ्यार आमी दूदसागर?”, म्हणजे आम्ही काय दूधसागर धबधबा? यापेक्षा चांगले स्पष्टीकरण मला सुचलेले नाही.

मग मी मराठीतले इतर शब्द त्यांच्यापुढे ठेवले. ‘देहयष्टी’तली यष्टी म्हणजे काठी, आणि ‘अंगकाठी’त तर ती उघडच दिसते. बारीक असणे हीच जणू देहाची मूळ स्थिती, असे या दोन शब्दांनी गृहीत धरले आहे; ‘स्थूल देहयष्टी’ लिहिणाऱ्याला आपण जाड काठी लिहीत आहोत हे कधी जाणवत नाही. ‘सडपातळ’, ‘निमगोरी’, ‘नाकीडोळी नीटस’ हे शब्द तर थेट स्थळे पाहण्याच्या बैठकीतून आलेले वाटतात, म्हणून या मुली ते तोंडी आणत नाहीत. त्यांना मराठी येत नाही, अशी तक्रार वडीलधारे करतात; ती मला पटत नाही. शब्द त्यांना ठाऊक आहेत, त्या शब्दांमागे बसलेली पाहणारी मंडळीही ठाऊक आहेत, आणि म्हणूनच त्या ‘फिगर’ म्हणतात. अर्थात ‘फिगर’ही काही निर्मळ नाही. 2008 च्या सुमारास करीना कपूरमुळे ‘झीरो फिगर’ घरोघरी पोहोचली, तेव्हा माझ्या ओळखीच्या कित्येक मुलींनी दुपारचे शीत, म्हणजे भात, सोडले होते. आता या तिघी कोरियन मालिका आणि बीटीएस या कोरियन गायकसंघाची गाणी पाहतात, आवडत्या गायकाला ‘बायस’ म्हणतात, आणि त्या मुलांच्या तुकतुकीत गालांशी स्वतःच्या गालांची तुलना करतात. देखण्या पुरुषाकडे पाहून मुलीने स्वतःच्या त्वचेची काळजी करावी हा प्रकार मला नवीन आहे.

आपल्याकडे गोव्यात ही अडचण तिपदरी होते. घरात कोंकणी, वर्तमानपत्र, आरती आणि नाटक मराठीत, आणि मोबाइलवर इंग्रजी, त्यामुळे एकाच शरीराला तीन भाषांतून तीन वेगळी मापे लागतात. आजी म्हणते ‘भलायकी सांबाळ’, म्हणजे प्रकृती सांभाळ, मावशी म्हणते ‘तब्येत सुधारली हं तुझी’, आणि मैत्रीण काही न बोलता छायाचित्रावर फिल्टर चढवते. यातले ‘तब्येत’ सर्वांत फसवे आहे. अरबीत त्याचा अर्थ स्वभाव, प्रकृती असा आहे, आणि ‘गवई आज तब्येतीत गायले’ या प्रयोगात तो अजून जिवंत आहे. पण मावशीच्या वाक्यात त्याचा अर्थ वजन एवढाच असतो. एके काळी ते कौतुक होते, आज त्याच वाक्याने मुलगी संध्याकाळभर गप्प बसते, आणि मावशीला आपण काय बोललो ते कळत नाही.

‘बॉडी शेमिंग’ला मराठी शब्द कोणता, असेही त्यांनी विचारले. ‘देहनिंदा’ हा शब्द कीर्तनात शोभेल. मराठीला येथे नामाची गरजच नाही असे माझे मत आहे. ‘जाडीवरून बोलणे’, ‘रंगावरून बोलणे’ ही रचना आपण रोज वापरतो, तिच्यात बोलणारा कर्ता म्हणून समोर उभा राहतो, आणि ‘माझ्या रंगावरून बोलू नकोस’ हे वाक्य कोणत्याही मुलीला कोणालाही तोंडावर ऐकवता येते.

नात्यांच्या शब्दांत मराठी अधिकच कंजूष आहे. ‘प्रियकर’ हा शब्द बातम्यांत गुन्ह्याच्या पानावरच राहिलेला आहे, आणि तिथे तो बहुधा कोणाच्या तरी पतीचा काटा काढत असतो. ‘लफडे’, ‘भानगड’, ‘प्रकरण’ यांत निकाल आधीच लागलेला असतो. कोंकणीत ‘मोग’, म्हणजे प्रेम, आहे, निरोप घेताना ‘मोग आसूं’ म्हणतात, आणि त्यात लाजण्यासारखे कोणाला काही वाटत नाही. तरी घरी विचारले की मुलगा ‘इश्ट’च, म्हणजे नुसता मित्रच, असतो. ‘जोडीदार’ मला बरा वाटतो, कारण त्यात दोघे सारख्याच उंचीवर आहेत.

प्रतिसाद

विवेचन आवडले, पण ‘कमनीय’वर आपण अन्याय करत आहात असे वाटते. हा शब्द स्त्रीपुरताच नाही. चंद्रही कमनीय असतो आणि काव्यही. मूळ अर्थ कोणाला आठवत नसेल, तर तो धरून शब्द टाकून देणे योग्य होईल का? असे करत गेलो तर ‘सुंदर’सुद्धा उरणार नाही.

उत्तर

आपला आक्षेप योग्य आहे आणि शब्द टाकून द्यावा असे माझे म्हणणे नाही. चंद्राची हरकत नाही, कारण त्याला वार्षिक अंक वाचायचा नसतो. माझा मुद्दा ‘बांधा’च्या शेजारी बसलेल्या ‘कमनीय’पुरता आहे. ‘बांधा’ हा बांधणे या क्रियापदातून आलेला, शरीराच्या घडणीविषयी बोलणारा शब्द आहे. मजबूत बांधा, ठेंगणा बांधा, रुंद बांधा असे सगळे त्यात बसते. पुरवण्यांनी त्याला ‘कमनीय’ची इतकी सवय लावली की मुलीच्या संदर्भात तो एकटा लिहिला तरी वाचणारा विशेषण मनातल्या मनात भरून घेतो.

त्या ओळीचे पुढे काय झाले, तेही सांगते. मी ‘चपळ’ सुचवले होते, ते त्यांनी नाकारले. घागर फुंकताना, गिरकी घेताना चपळाई दुय्यम असते, खरा कस श्वासाचा लागतो, असे भाचीने मला उभी राहून करून दाखवले आणि मग धापा टाकत खुर्चीत बसली. अंकात आता ‘दमदार फुगडी’ छापले जाईल. बांध्याचा उल्लेख तिघींनी मिळून खोडला.