‘डेसिमेट’ : दहातला एक, की सगळंच भुईसपाट?

मुद्रितशोधक
इंग्रजी मजकूर तपासायचं काम करतो. परवा एक वाक्य समोर आलं : गारपिटीने ९० टक्के द्राक्षबागा ‘डेसिमेट’ (म्हणजे उद्ध्वस्त, अशा अर्थी) झाल्या. मी ते क्रियापद काढून ‘डिस्ट्रॉय’ घातलं. संपादकांनी विचारलं, चुकलं काय होतं?

चुकलं ते हे. हे क्रियापद रोमन सैन्यातल्या शिक्षेचं आहे. लॅटिनमध्ये ‘डेसिमुस’ म्हणजे दहावा. पळ काढलेल्या तुकडीत चिठ्ठ्या टाकायच्या आणि दहांमागे ज्या एकाचं नाव निघेल त्याला त्याच्याच सोबत्यांनी दांडक्यांनी ठार मारायचं. इ.स.पू. ७१च्या सुमारास, स्पार्टाकसने केलेल्या गुलामांच्या बंडात, रोमन सेनापती क्रासुसने पळालेल्या ५०० जणांचे ५० गट केले आणि प्रत्येक गटातला एक मारवला, असं प्राचीन ग्रीक चरित्रकार प्लुटार्क सांगतो. ५० मेले, ४५० उरले. त्या ४५० जणांना पुन्हा लढायला उभं करणं हाच तर शिक्षेचा हेतू होता! ज्या शब्दात नऊ जण उरतात तो ‘काहीच उरलं नाही’ म्हणून वापरायचा, म्हणजे अर्थ पार उलटा करणं.

प्राजक्त
साफ असहमत. व्युत्पत्ती म्हणजे अर्थ नव्हे. ‘तेल’ तिळापासून आलं, म्हणून खोबरेल तेल म्हणायचं नाही का? ‘प्रवीण’ माणसाला वीणा वाजवता यायलाच हवी का? इंग्रजीत ‘मोठी हानी करणे’ हा अर्थ सतराव्या शतकापासून आहे. त्याच शतकात, १६५५मध्ये, इंग्लंडमध्ये राजेशाही हटवून आलेल्या क्रॉमवेलच्या राजवटीने राजाच्या समर्थकांच्या उत्पन्नावर दशमांश कर बसवला, त्यालाही ‘डेसिमेशन’च म्हणत. इंग्रजीत हा शब्द एका जागी कधी थांबलाच नाही. तुम्ही राखण करताय ती लॅटिनची.

रेवती_क
थोडी भर. रोमनांचा दहाचा हिशेबही काटेकोर नव्हता. प्राचीन ग्रीक इतिहासकार पॉलिबियस लिहितो की कधी पाच, कधी आठ, कधी वीस जण निवडत. दोषींच्या साधारण एक दशांश भरतील एवढे. वाचलेल्यांना गव्हाऐवजी जव मिळायचे आणि तळ तटबंदीबाहेर ठोकावा लागायचा. मला तर हाच भाग जास्त भयंकर वाटतो : सोबत्याला मारलेल्या हातांनी जव खायचे आणि रात्र उघड्यावर काढायची. ‘डेसिमेट’ ऐकल्यावर यातलं काहीच डोळ्यांपुढे येत नसेल, तर शब्दाचं नुकसान झालंच आहे.

मुद्रितशोधक
@प्राजक्त, तेलाचं उदाहरण लागू पडत नाही. ‘तेल’ने तीळ सोडला तरी ‘तिळाचं तेल’ म्हणता येतं, कुणाचं अडत नाही. या शिक्षेला मात्र इंग्रजीत दुसरं क्रियापद नाही. आणि ती फक्त रोमपुरती नाही. पहिल्या महायुद्धात, जुलै १९१७मध्ये, इटलीच्या कातान्झारो ब्रिगेडने बंड केलं तेव्हा काही सैनिकांना चिठ्ठ्या टाकून गोळ्या घातल्या. आता ‘१९१७मध्ये ही ब्रिगेड डेसिमेट झाली’ असं लिहा. वाचक समजेल की शत्रूने कापून काढली. आपल्याच सेनापतींच्या हुकुमाने माणसं मारली गेली, ही गोष्ट वाक्यातून नाहीशी होते. माझा राग त्यावर आहे.

प्राजक्त
हा मुद्दा वजनदार आहे. पण मग ‘चिठ्ठ्या टाकून’ एवढं लिहिलं की झालं. इतिहासकार तसं लिहितातच. त्यांच्या सोयीसाठी बातमी वाचणाऱ्या सगळ्यांच्या तोंडचा अर्थ चूक ठरवू नका. शब्दकोशांनीही तो नोंदवलाय. द्राक्षांचं वाक्य मीही बदललं असतं, पण वेगळ्या कारणासाठी : दहाव्या हिश्श्याच्या शब्दाला ९० टक्के चिकटवले की कानाला खटकतं. ‘पूर्णपणे डेसिमेट’चंही तेच. साथीत गावातली अर्धी माणसं गेली, तिथे मात्र मी ‘डेसिमेट’ ठेवेन. तुम्ही?

मुद्रितशोधक
नाही. ‘अर्धी माणसं मेली’ असंच लिहीन. संपादकांनाही तेच कळवलंय.