मदत हवी आहे: मुलांसोबत ब्रिटिश स्कूल केक – मधोमध फुगतो, आयसिंग कडेला वाहून जातं

रेडिंगकरीण
नमस्कार मंडळी. मुलांच्या शाळेत शुक्रवारी केक सेल आहे, २४ तुकडे न्यायचे आहेत. इथे शाळेच्या जेवणात मिळतो तोच साधा केक हवाय: चौकोनी स्पंज, वर पांढरं आयसिंग, त्यावर रंगीत हंड्रेड्स अँड थाउजंड्स, म्हणजे साखरेच्या बारीक गोळ्या. हाताशी ६ आणि ९ वर्षांची मुलं असणार.
प्रमाण: बटर, कॅस्टर शुगर (बारीक दाण्याची साखर) आणि सेल्फ रेजिंग मैदा प्रत्येकी २२५ ग्रॅम, ४ लार्ज अंडी, २ चमचे बेकिंग पावडर. सगळं एकत्र करून फेटलं. टिन २० × ३० सेंमी, फॅन ओव्हन (आत पंख्याने गरम हवा फिरते तो) १८० सेल्सिअसवर.
अडचणी: मध्ये घुमट होऊन चीर पडते, कडा कोरड्या होतात, तळाशी चिवट थर राहतो. आयसिंग घुमटावरून घसरून कडेला साचतं आणि गोळ्यांचा रंग उतरतो. काय बदलू?

वजनकाटा
आयसिंगचं नंतर बघू, आधी घुमट घालवा. पाककृतीत १८० लिहिलेलं असतं ते बहुतेकदा साध्या ओव्हनसाठी. फॅनला १६०, गॅस ओव्हनला मार्क ४. तुमच्या तापमानाला टिनच्या कडेचं मिश्रण आधीच शिजून घट्ट होतं, मधलं मात्र फुगत राहतं. त्याला वरच वाट मिळते, म्हणून घुमट आणि चीर. कडा कोरड्या होण्याचं कारणही तेच. ओव्हनचा आकडा आणि आतलं खरं तापमान यांत फरक असू शकतो. जाळीवर ठेवायचा साधा थर्मामीटर घ्या, स्वस्त असतो.
दुसरं, सेल्फ रेजिंगमध्ये बेकिंग पावडर असतेच. सगळं एकदम फेटायच्या पद्धतीत बटर-साखर आधी घोटून हवा भरलेली नसते, म्हणून वरून १ सपाट टीस्पून, म्हणजे ५ मिली, चालते. दोन, त्यातही शिगोशीग, झाली की केक भराभर चढतो आणि फाटतो. कधी मधोमध खचतोसुद्धा.
प्रमाण या टिनला बरोबर आहे. २३ × ३३ चा टिन असेल तर ५ अंडी आणि बाकी तिन्ही २८५ ग्रॅम. आणि २० × ३० मध्ये ५ सेंमीचे चौकोन पाडले की ४ × ६, नेमके २४ तुकडे.

लोणीसाखर
तळाच्या चिवट थरामागे बटर असणार. इथल्या थंडीत ओट्यावर ठेवलेलं बटर तासाभरानंतरही दगड असतं. मग ते गुठळ्यांनी राहतं, आणि गुठळ्या मोडायच्या म्हणून आपण जास्त फेटतो. मैदा पडल्यावर जास्त फेटलं की ग्लुटेन, म्हणजे मैद्यातलं चिवट प्रथिन, ताणलं जातं आणि केक रबरासारखा होतो. बटरचे बारीक चौकोन करून पसरून ठेवा. घाई असेल तर मायक्रोवेव्हमध्ये ५-५ सेकंद, मध्ये बोटाने दाबून बघत. बोट सहज रुतायला हवं, पण बटर चकचकीत दिसता कामा नये. वितळलं तर वाटी बाजूला ठेवून दुसरं घ्या.
अंडी फ्रिजमधून थेट घालू नका, ५-१० मिनिटं कोमट पाण्यात ठेवा. तरी मिश्रण फाटल्यासारखं दिसलंच तर चमचाभर मैदा घालून सावरतं.
इलेक्ट्रिक बीटर मुलांच्या हाती द्यायला हरकत नाही, पण वेळ लावून. मिश्रण एकजीव झालं की बंद, साधारण दीड-दोन मिनिटं. हा मुद्दा त्यांना आवडत नाही, तरी ठाम राहा.

कढईतली_चिमणी
मिश्रण ओतल्यावर चमच्याच्या पाठीने चारही कोपऱ्यांत ढकला आणि मधोमध किंचित खोलगट ठेवा. टिन ओव्हनच्या मधल्या जाळीवर. २५ मिनिटं दार उघडायचं नाही, ३० मिनिटांनी काडी घालून बघा. कडा टिनपासून सुटलेल्या दिसतील.
एवढं करूनही थोडा घुमट आलाच, तर बाहेर काढल्याबरोबर स्वच्छ जाड टॉवेल वर ठेवून तळव्याने हलकेच दाबा. हे काम मोठ्यांचं, वाफ हाताला लागते. नाहीतर गार झाल्यावर केक उलटा करा, तळाची सपाट बाजू वर येते आणि आयसिंग छान बसतं. कापून सपाट करायच्या भानगडीत पडू नका. कापलेल्या भागाचे कण आयसिंगमध्ये मिसळतात आणि पांढऱ्यावर लगेच दिसतात.

वजनकाटा
आता आयसिंग. ३०० ग्रॅम आयसिंग शुगर, चाळून. चाळायचं काम ६ वर्षांच्या मुलाला द्या, पण भांडं सिंकमध्ये ठेवून! गरम पाणी २ टेबलस्पून घाला, पुढे एकेक टीस्पून. एकूण ४०-४५ मिलीच्या आसपास जाईल. चमचा उचलल्यावर पडलेली धार ८-१० सेकंद वर दिसत राहिली पाहिजे. लगेच बुडाली तर पातळ आहे, साखर घाला. थोडं लिंबू पिळलं तर नुसता गोडपणा कमी होतो.
केक पूर्ण गार हवा. दहा मिनिटं टिनमध्ये, मग जाळीवर दीड-दोन तास. टिनमध्येच गार केला तर खालून ओला राहतो. कोमट केकवर आयसिंग पातळ होऊन आत मुरतं आणि वर डाग दिसतात. गार झाल्यावर केक नवा कागद घातलेल्या टिनमध्ये परत ठेवून मग आयसिंग ओता, म्हणजे बाजूंनी ओघळत नाही.

साखरपेर
गोळ्यांचा रंग उतरतो तो पाण्यामुळे. ओतल्या ओतल्या टाकल्या तर विरघळतात, साय धरल्यावर टाकल्या तर उड्या मारून जमिनीवर जातात. आयसिंग सपाट होऊन हलायचं थांबलं की, म्हणजे ३-४ मिनिटांनी, टाका. हात ३० सेंमी उंच धरला की एका जागी ढीग होत नाही. वनस्पतिजन्य रंगांच्या गोळ्या लवकर ओघळतात, हे गृहीत धरा.
शाकाहारी लोक घेणार असतील तर डबीवरची यादी वाचा. ई १२० म्हणजे कारमाइन, किड्यांपासून काढलेला लाल रंग. ई ९०४ म्हणजे शेलॅक, लाखेच्या किड्यांपासून मिळणारी चकाकी. व्हेगन लिहिलेली डबी घेतली की दोन्ही प्रश्न सुटतात.

रेडिंगकरीण
खूप धन्यवाद! दोन उपप्रश्न. मुलं भांडं चाटतात, चालेल का? आणि निम्मे तुकडे बिनअंड्याचे करायचे असतील तर?

लोणीसाखर
अंड्यावर लाल सिंहाचा शिक्का असेल तर कच्चं अंडंही मुलांना चालतं, असं इथल्या फूड स्टँडर्ड्स एजन्सीने २०१७ पासून सांगितलंय. पण कच्चा मैदा खायचा नसतो, त्यातही जंतू असू शकतात. त्यामुळे मिश्रण नाही, आयसिंगचं भांडं चाटू द्या.
बिनअंड्याचा, पूर्ण टिनसाठी: साधं फुल फॅट दही ३५० ग्रॅम (ग्रीक नको, घट्ट पडतं), त्यात पाऊण टीस्पून खाण्याचा सोडा, पाच मिनिटं फसफसू द्या. मग साखर २२० ग्रॅम, बिनवासाचं तेल १७० मिली, शेवटी सेल्फ रेजिंग मैदा ३०० ग्रॅम. वेगळी बेकिंग पावडर नको. मैदा घातल्यावर बीटर बंद, हाताने ढवळा. हाही फॅनला १६० वरच. निम्मा हवा असेल तर सगळं अर्धं करून १८-२० सेंमीचा चौकोनी टिन घ्या.
घरी खायला त्यावर गरम कस्टर्ड घाला, शाळेत तसाच देतात. आपल्याकडच्यासारखं थंड, फळं घातलेलं नव्हे. कस्टर्ड पावडरमध्ये अंडं नसतंच: १८३७ मध्ये बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्डने ती काढली, कारण त्याच्या बायकोला अंडी चालत नसत. ५७० मिली दुधाला २ टेबलस्पून पावडर पुरते.

कढईतली_चिमणी
वेळापत्रक: बुधवारी संध्याकाळी भाजा, गार झाल्यावर हवाबंद डब्यात. गुरुवारी आयसिंग, रात्रभर उघडं राहू दे म्हणजे पृष्ठभाग सुकेल. शुक्रवारी सकाळी कापा. सुरी गरम पाण्यात बुडवून पुसून घ्यायची, दर कापाला. फ्रिजमध्ये ठेवू नका, स्पंज कडक होतो आणि बाहेर काढल्यावर ओल धरून गोळ्यांचा रंग पसरतो. डब्यावर घटकांची चिठ्ठी लावा: गहू, दूध, अंडं. बिनअंड्याचे तुकडे वेगळ्या डब्यात ठेवा. सुक्यामेव्याबद्दल शाळेचा नियम आधी विचारून घ्या, बऱ्याच शाळांत मनाई असते.