मला एकपर्यंत झोप नाही, आईला तीनलाच जाग: घरातल्या उजेडाचा संबंध असेल का?

प्रश्न: कृष्णाकाठ

नमस्कार. दोन वर्षांपूर्वीपर्यंत आई आणि मी वाईला आमच्या जुन्या घरात राहत होतो. घराच्या मधोमध उघडा चौक होता आणि धुणे, भाजी निवडणे, पापड वाळत घालणे अशा निमित्तांनी आम्हा दोघींचा दिवसाचा बराचसा वेळ त्या चौकात किंवा मागच्या अंगणात जात असे. आईच्या गुडघ्यांवरील उपचारांसाठी आम्ही पुण्याला आलो आणि कोथरूडमध्ये पहिल्या मजल्यावर दोन खोल्यांचे घर भाड्याने घेतले. घर नीटनेटके आहे, शेजारही चांगला आहे. परंतु समोरची इमारत इतकी जवळ आहे की खिडकीत उभे राहून मान वर केल्याशिवाय आकाश दिसत नाही.

माझे वय 51 आहे. मी घरी बसून मुद्रितशोधनाचे काम करते. टेबल आतल्या कोपऱ्यात असून त्यावर दिवसभर ट्यूबलाइट लावलेली असते, त्यामुळे घरात अंधार आहे असे मला कधी वाटले नाही. मात्र इथे आल्यापासून रात्री एक वाजेपर्यंत मला झोप लागत नाही आणि सकाळी आठला उठतानाही अंग जड असते. आईचे नेमके उलटे आहे. ती 76 वर्षांची आहे. संध्याकाळी साडेसातलाच खुर्चीत तिची मान कलंडते, आठला ती अंथरुणावर जाते आणि पहाटे तीनला टक्क जागी होते. मग स्वयंपाकघरातील ट्यूबलाइट लावून ती चहा करते, देवापाशी समई लावते आणि दिव्याखाली बसून हरिपाठ वाचते. दाराच्या फटीतून तो उजेड माझ्या तोंडावर येतो, तेव्हा मला झोप लागून जेमतेम दोन तास झालेले असतात.

एका स्नेह्यांनी दोघींनी रोज सकाळी कोवळ्या उन्हात बसावे असे सुचवले आहे. त्याने खरोखर झोप सुधारते का, आणि आमच्या तक्रारी इतक्या भिन्न असताना दोघींना एकच उपाय कसा लागू पडेल, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर: निवृत्त_शिक्षक

मी वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवत असे. आपल्या प्रश्नातील शेवटची शंका अत्यंत योग्य आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. उपाय उजेडाचाच आहे, परंतु दोघींची वेळ एक नाही.

मेंदूतील हायपोथॅलॅमस या भागात सुमारे वीस हजार पेशींचा एक लहानसा पुंजका असतो आणि झोप, शरीराचे तापमान, संप्रेरके या सर्वांचे दैनंदिन वेळापत्रक तोच राखतो. हे घड्याळ बरोबर चोवीस तासांचे नसते. माणसांत त्याची सरासरी 24 तास आणि वर 10 ते 12 मिनिटे इतकी भरते. म्हणजे बाहेरून कोणी काटा लावून दिला नाही, तर बहुतेकांची झोपेची वेळ रोज थोडी थोडी उशिरा सरकत जाईल. ज्यांना उजेडाची जाणीवही होत नाही अशा अनेक अंध व्यक्तींच्या बाबतीत हे प्रत्यक्ष घडते आणि काही आठवडे त्यांची झोप भर दिवसा येऊन पडते.

काटा लावण्याचे काम डोळ्यांतून होते. दृष्टिपटलात पाहण्याच्या पेशींखेरीज आणखी एका प्रकारच्या पेशी असतात. त्यांत मेलॅनोप्सिन नावाचे रंगद्रव्य असते आणि सुमारे 480 नॅनोमीटर तरंगलांबीच्या, म्हणजे निळसर उजेडाने त्या उद्दीपित होतात. 1998 साली हे रंगद्रव्य सापडले आणि 2002 साली या पेशी स्वतःच उजेड टिपतात हे सिद्ध झाले. त्या चित्र पाहत नाहीत, केवळ भोवताली उजेड किती आहे एवढे मोजून त्या घड्याळाला कळवतात.

आता वेळेचा मुद्दा. आपण जागे होतो त्याच्या साधारण दोन-तीन तास आधी शरीराचे तापमान सर्वांत खाली गेलेले असते. त्या बिंदूनंतर मिळालेला उजेड झोपेची वेळ अलीकडे ओढतो, त्याच्या आधीचा उजेड ती पलीकडे ढकलतो. आपल्या मातोश्री आठला झोपून तीनला उठतात, तेव्हा त्यांचा हा बिंदू बारा-एकच्या सुमारास येतो. तीन वाजता डोक्यावर ट्यूबलाइट लावली की त्यांचे घड्याळ अलीकडेच खिळून राहते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा साडेसातला पेंग येते. त्यात त्यांना सकाळी लवकर उन्हात बसवले तर तक्रार वाढण्याचाच संभव आहे. त्यांना उजेड हवा तो संध्याकाळी, साधारण पाच ते सूर्यास्तापर्यंत, उघड्यावर. पहाटे जाग आलीच तर त्यांनी समईच्या किंवा मंद पिवळ्या दिव्याच्या उजेडात बसावे. हरिपाठ त्यांना पाठच असेल, तेव्हा त्यासाठी ट्यूबलाइटची गरज पडू नये.

आपले उलट आहे. आपला बिंदू पहाटे पाच-सहाच्या सुमारास असावा. म्हणून आपण आठला उठल्याबरोबर, चहासुद्धा नंतर ठेवून, अर्धा तास घराबाहेर काढावा. उत्साहाच्या भरात एकदम पहाटे पाचला उठून फिरायला जाऊ नये, कारण त्या वेळचा उजेड आपल्या घड्याळाला उलट दिशेने ढकलू शकतो. दर तीन-चार दिवसांनी उठण्याची वेळ पंधरा मिनिटे अलीकडे आणावी आणि रात्री नऊनंतर घरातील मोठे दिवे बंद ठेवावेत.

दोन गोष्टी आवर्जून विचारतो. मातोश्रींना मोतीबिंदू आहे का? वयानुसार डोळ्यातील भिंग पिवळे पडते, बाहुली आकसते आणि नेमका निळसर उजेडच आत कमी पोहोचतो, त्यामुळे वृद्धांना तरुणांपेक्षा अधिक उजेड लागतो. दुसरे म्हणजे पहाटेच्या जागेबरोबर उदासपणा, अन्नावरची वासना उडणे असे काही दिसते का? दिसत असेल तर उजेडावर विसंबून न राहता डॉक्टरांना दाखवावे. झोपेची गोळी चालू असल्यास ती परस्पर बंद करू नये.

कोवळ्या उन्हाविषयी एक सार्वत्रिक गैरसमजही दूर करतो. ड जीवनसत्त्वासाठी लागणारे अतिनील किरण सकाळच्या तिरप्या उन्हात जवळजवळ नसतात आणि काचेतूनही येत नाहीत. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असते तेव्हाच ते पुरेसे मिळतात. झोपेचा उजेड डोळ्यांनी घ्यायचा असतो, ड जीवनसत्त्वाचा त्वचेने. आणि सूर्याकडे टक लावून कधीही पाहू नये, अर्घ्य देतानाही नाही. त्याने दृष्टिपटल भाजते आणि ती इजा कायमची राहू शकते.

उत्तर: गवाक्ष

मी वास्तुरचनाकार आहे. सरांनी शरीराची बाजू सांगितलीच आहे, मी घराची बाजू सांगतो, कारण “दिवसभर ट्यूबलाइट असते, त्यामुळे अंधार वाटत नाही” हे आपले वाक्य मी जवळजवळ प्रत्येक घरी ऐकतो.

आपला डोळा उजेडाच्या बाबतीत फार जुळवून घेणारा आहे आणि म्हणूनच तो आपल्याला फसवतो. आपला प्रश्न वाचून मी माझ्याच घरी लक्समापक घेऊन बसलो; लक्स हे उजेड मोजण्याचे एकक आहे. ट्यूबलाइटखाली टेबलाच्या पृष्ठभागावर 210 लक्स भरले, परंतु मापक डोळ्यांपाशी उभा धरताच आकडा 90 वर आला. शरीराच्या घड्याळाला हा दुसराच आकडा कळतो. नंतर गच्चीत गेलो. आभाळ पूर्ण भरलेले होते, सूर्याचा मागमूस नव्हता, तरीही मापकाने 14,000 दाखवले. भर दुपारच्या उन्हात हाच आकडा एक लाखापर्यंत जातो. घरात आणि ढगाळ आभाळाखाली दीडशे पटींचा फरक आहे, पण नजरेला तो दुपटीहून जास्त वाटत नाही. 2022 साली या विषयातील शास्त्रज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने दिवसा डोळ्यांपाशी किमान 250, झोपेपूर्वीच्या तीन तासांत जास्तीत जास्त 10 आणि झोपेत 1 अशी शिफारस केली. हे आकडे निळसर घटकाला महत्त्व देऊन मोजलेल्या लक्सचे आहेत, त्यामुळे पिवळसर दिव्यांखाली ते गाठणे आणखी अवघड असते.

आपले टेबल आतल्या कोपऱ्यातून काढून खिडकीला काटकोनात लावा. मान वर केल्यावर आकाश दिसते असे आपण म्हणता, तर बसल्या जागेवरून ते दिसेल इतके टेबल खिडकीच्या जवळ न्या. आकाश दिसत असेल तिथे उजेड असतोच. खिडकीपासून अडीच-तीन मीटर आत गेले की तो झपाट्याने ओसरतो. खिडकीच्या ग्रिलमध्ये खोकी, कुंड्या, जुने डबे ठेवले असतील तर ते काढा. समोरच्या भिंतीला पुढे कधी रंग लागणार असेल तर तो पांढरा असावा अशी त्या सोसायटीला विनंती करून पाहा. अरुंद बोळातल्या घरांना अशा भिंतीवरून परतणाऱ्या उजेडाचा मोठा आधार होतो, आणि वाईच्या आपल्या चौकाच्या भिंती चुन्याने रंगवलेल्या असतील तर हा अनुभव आपल्याला नवा नाही.

आणखी एक गोष्ट. आपली प्रमाणवेळ 82.5 अंश रेखांशावरची आहे आणि पुणे त्याच्या बरेच पश्चिमेला आहे, त्यामुळे सूर्य इथे घड्याळापेक्षा सुमारे 35 मिनिटे मागे असतो. जानेवारीत सात वाजून गेल्यावर सूर्योदय होतो. त्या दिवसांत सहाला उठून घरातले दिवे लावून बसण्याचा झोपेच्या दृष्टीने फारसा उपयोग नाही.

उत्तर: उत्तरवासी

मी मूळची सांगलीची असून सात वर्षांपासून नॉर्वेतील ट्रॉन्डहाइम येथे राहते. इथे डिसेंबरच्या अखेरीस सकाळी दहाला सूर्य उगवतो आणि दुपारी अडीचला मावळतो, तर जूनमध्ये तो रात्री साडेअकरानंतर मावळून पहाटे तीनला परत येतो. पहिल्या हिवाळ्यात मला सकाळी अकरापर्यंत आपण जागे झालो आहोत असे वाटतच नसे. नंतर डॉक्टरांच्या सल्ल्याने 10,000 लक्सचा दिवा आणला. सकाळी न्याहारी करताना अर्धा तास तो समोर ठेवते. इथे अंतर फार महत्त्वाचे असते, कारण दिवा हातभर मागे सरकवला तरी उजेड निम्म्याहून खूप खाली जातो. ज्यांना दृष्टिपटलाचा विकार आहे किंवा ज्यांना मनाच्या उन्मादावस्थेचा त्रास झालेला आहे, त्यांनी विचारल्याशिवाय असा दिवा वापरू नये.

मात्र आपण पुण्यात असा दिवा विकत घेऊ नये, असे मनापासून वाटते. मी पैसे मोजून जेवढा उजेड मिळवते, त्यापेक्षा अधिक आपल्या इमारतीच्या गच्चीवर भर पावसाळ्यातल्या सकाळीही मिळेल. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात आठ माणसांना उन्हाळ्यात आठवडाभर तंबूत ठेवले होते. विजेचे दिवे नाहीत, रात्री फक्त शेकोटी. त्यांचे शरीराचे घड्याळ सुमारे दोन तासांनी अलीकडे आले आणि सूर्याशी जुळले. वाईचा चौक आपल्याला हेच देत होता, असे आपला प्रश्न वाचताना सारखे वाटत राहिले.

उत्तर: तिसरी_पाळी

चाकणला एका कारखान्यात पाळीने काम करतो. रात्रपाळी संपवून सकाळी सातला बसमध्ये बसलो की मी गडद गॉगल लावतो आणि घरी पोहोचून जाड पडद्यांच्या खोलीत झोपेपर्यंत तो काढत नाही. पूर्वी खिडकीपाशी बसून ऊन खात घरी येत असे आणि मग बारापर्यंत डोळा लागत नसे. स्वतः गाडी चालवत येणाऱ्यांनी मात्र गॉगलने पेंग येणार नाही याची काळजी घ्यावी. कृष्णाकाठ ताई, पहाटेचा उजेड तोंडावर येतो म्हणता, तर दाराच्या खालच्या फटीला जुन्या चादरीची गुंडाळी लावा. आजच होण्यासारखे आहे.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. चार आठवडे झाले, म्हणून लिहीत आहे.

दाराच्या फटीला गुंडाळी त्याच रात्री लावली. टेबल खिडकीशी नेले आणि ग्रिलमधून तीन रिकामे डबे व मोडकी कुंडी काढली. गच्चीला कुलूप असे; सचिवांकडे रीतसर अर्ज करून किल्ली मिळवली. सकाळी मी अर्धा तास वर जाते, मुद्रिते सोबत नेते. आता साडेअकराच्या सुमारास झोप लागते आणि पावणेसातला गजराशिवाय जाग येते.

आईला पटवणे कठीण गेले, कारण पहाटेचा दिवा ही तिची पन्नास वर्षांची सवय आहे. शेवटी समई ठेवली आणि ट्यूबलाइट सोडली. संध्याकाळी पाचला ती आवारातील बाकावर बसते. तिथे आणखी दोन आजी येतात, त्यामुळे आता तिला बोलवावे लागत नाही, तीच पायात चपला घालून दाराशी उभी असते. साडेसातची पेंग नऊपर्यंत लांबली आहे. जाग सव्वाचारला येते. सरांनी विचारल्याप्रमाणे डोळे तपासले, उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला निघाला आणि पुढील महिन्यात शस्त्रक्रिया ठरली आहे. त्यानंतर उजेड एकदम जास्त वाटू लागल्यास संध्याकाळचा वेळ कमी करावा का, एवढे सरांनी सांगावे.

निवृत्त_शिक्षक

कमी करू नये. नेत्रतज्ज्ञ सांगतील तितके दिवस गडद चष्मा लावून बसावे आणि त्यांनी तो काढायला सांगितला की त्याच बाकावर, त्याच वेळी, चष्म्याविना. पहाटेची समई मात्र तशीच राहू द्यावी.