इंग्लंडमधली जुनी सराई: वरचा मजला रस्त्यावर पुढे का काढायचे?

माजघर:
नमस्कार मंडळी. माझा मुलगा ब्रिस्टलला असतो. मध्यंतरी तो ग्लॉस्टरला नॉर्थगेट स्ट्रीटवरच्या 'न्यू इन' नावाच्या पबात जेवायला गेला आणि मला ढीगभर फोटो पाठवले. नावात 'न्यू' असलं तरी बांधकाम 1450 च्या आसपासचं आहे. रस्त्यावरून बोळातून आत शिरलं की चौक, चौकाभोवती वर लाकडी सज्जे, आणि सज्जाला लागून खोल्या. मी शनिवार पेठेत वाड्यात वाढले. फोटो पाहून पहिलं मनात आलं ते हेच, की आमच्या चौकात तुळशीवृंदावन होतं तिथे यांनी टेबलं मांडलीत.

आता प्रश्न. अशा जुन्या इमारतींचा वरचा मजला खालच्यापेक्षा पुढे आलेला असतो, तो कशाच्या आधारावर? लाकडं वाकडी-पिळलेली दिसतात, ती धोकादायक नाहीत का? आणि हायवेवरच्या काही पबांवर काळ्या लाकडांचे आणि मधल्या पांढऱ्या गिलाव्याचे पट्टे दिसतात, ते खरे जुने कसे ओळखायचे?

तुळई-कडी:
ताई, तुमचे प्रश्न माझ्या रोजच्या कामातले आहेत. मी पेठांमधल्या वाड्यांच्या दुरुस्त्या करतो, वडीलही तेच करायचे. ही सराई मी मुद्दाम वाट वाकडी करून पाहून आलोय.

आधी सांगाडा. वाड्यात भार खांब आणि तुळया घेतात आणि दोन खांबांमधला एक खण हे मोजमापाचं एकक असतं. तिथेही हुबेहूब तसंच, खणाला खण जोडत इमारत लांबते. मधल्या भिंती नुसतं भरण. ओकच्या काठ्यांभोवती हेझलच्या फांद्या विणायच्या, त्यावर माती, शेण आणि पेंढ्याचा गिलावा थापायचा आणि वरून चुना. शेण वाचून मला फार बरं वाटलं होतं. पानशेतच्या पुरात, 1961 साली, आमच्या आळीतल्या एका वाड्याच्या तळमजल्याच्या मातीच्या भिंती विरघळून गेल्या आणि माडी खांबांवर तशीच उभी राहिली, असं वडील सांगायचे. भिंत आणि सांगाडा वेगळे असण्याचा अर्थ तो.

आता पुढे आलेला मजला. खालच्या मजल्यावरच्या कड्या, म्हणजे वरची जमीन पेलणारी आडवी लाकडं, भिंतीपाशी न थांबवता दीड-दोन फूट बाहेर काढतात आणि त्यांच्या टोकांवर वरची भिंत उभी करतात. त्या भिंतीचं वजन कडीच्या बाहेरच्या टोकाला खाली दाबतं, त्यामुळे खोलीच्या मध्यावर कडी कमी झुकते. सी-सॉसारखं समजा. वर जागा वाढते, आणि पावसाचं पाणी खालच्या भिंतीवरून न ओघळता पुढे पडतं. इमारत कोपऱ्यावर असेल आणि मजला दोन्ही रस्त्यांवर काढायचा असेल, तर कोपऱ्यात एक जाड तुळई तिरकी टाकून दोन्ही बाजूंच्या कड्या तिच्यात अडकवतात. मुलाला म्हणावं, अशी इमारत दिसली तर कोपऱ्याखाली उभं राहून वर बघ. सुताराची सगळी हुशारी तिथे कळते.

वाकडेपणाचं म्हणाल, तर तो बहुतेक वेळा जन्मापासूनचा असतो. आपण सागवान मुरवून वापरतो. ते लोक ओक ओलाच घडवायचे, कारण वाळल्यावर तो इतका कडक होतो की हत्यार चालत नाही. मग उभा केलेला सांगाडा जागेवरच वाळतो, आकसतो, पिळतो. सांधे मात्र सुटत नाहीत. खाचेत जीभ बसवायची आणि आरपार लाकडी मेख ठोकायची. जिभेतलं भोक खांद्याकडे किंचित सरकवून पाडलेलं असतं, त्यामुळे मेख आत जाताना सांधा स्वतःला आवळून घेतो. खिळा नाही, लोखंड नाही. तो सांधा मी हाताने चाचपून पाहिला. मेखेचं डोकं थोडं बाहेर राहिलेलं होतं, आणि शेजारीच पटाशीने ओढलेल्या रेघा होत्या, रोमन आकडे. सांगाडा आधी सुताराच्या अंगणात आडवा जुळवायचा, जोडांवर खुणा करायच्या, मग सोडवून जागेवर न्यायचा. त्या खुणा अजून वाचता येतात.

थेम्सकाठी:
मी लंडनला आठ-नऊ वर्षं राहिले, म्हणून एक भर. साउथवर्कची 'जॉर्ज इन' जरूर बघायला सांगा. 1676 च्या आगीनंतर 1677 मध्ये ती पुन्हा बांधली. सज्जांची अशी सराई लंडनमध्ये आता ही एकच उरली आहे. पण चौक मागायला जाल तर मिळणार नाही, फक्त एक बाजू शिल्लक आहे. बाकीच्या बाजू रेल्वे कंपनीने 1889 मध्ये गोदामासाठी पाडल्या. उरलेली 1937 मध्ये नॅशनल ट्रस्टकडे, म्हणजे जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेकडे, आली. एका बाजूचा सज्जा बघताना मला तरी समोरची रिकामी जागाच जास्त दिसत राहिली.

माजघर:
खूप आभार दोघांचे. काळ्या-पांढऱ्याचं राहिलं. आणि एक, मुलगा म्हणतो बाथच्या रस्त्यावर त्याने पाहिलेली सराई पुढून चक्क विटांची, सरळ खिडक्यांची होती, तरी पाटीवर शतकं जुनी असल्याचं लिहिलेलं.

तुळई-कडी:
पाटी खरी असू शकते. सांगाडा स्वतंत्र असल्यामुळे पुढचा चेहरा बदलणं सोपं. 1784 मध्ये बाथवरून जाणारी ब्रिस्टल-लंडन टपालाची घोडागाडी सुरू झाली. अठराव्या शतकात अशा हमरस्त्यांवर गिऱ्हाईक वाढलं तसं कित्येक सराईवाल्यांनी जुन्या लाकडी दर्शनी भागापुढे विटांची नवी भिंत चढवली. 1841 मध्ये लंडन ते ब्रिस्टल रेल्वे पूर्ण झाली आणि तो धंदा बसला. त्यामुळे पुढून काही ठरवू नये. गाड्या आत नेण्याच्या कमानीतून मागे जावं, छपराचा उतार आणि मागच्या भिंती बघाव्यात. जुनं वय मागे सापडतं.

काळे पट्टे हा बराचसा व्हिक्टोरियन काळातला शौक. त्याआधी ओक बऱ्याच ठिकाणी नुसताच ठेवत, तो रुपेरी करडा होतो, किंवा लाकडासकट सगळ्यावर चुना फिरवत. 1920-30 च्या दशकांत मोटारवाल्यांसाठी हमरस्त्यांवर जे मोठे पब बांधले, त्यांपैकी कितीतरींवर विटांच्या भिंतीला फळ्या ठोकून जुनेपणा आणलाय. ओळखायचं कसं? मेखा शोधा. आणि पट्टा कोपऱ्यावर वळताना बघा. खऱ्या खांबाचं एकच लाकूड दोन्ही अंगांना दिसतं, फळ्या असतील तर कोपऱ्यात जोड दिसतो.

शेवटी धोक्याबद्दल, कारण मला त्याचीच खरी काळजी वाटते. वाकलेला ओक शतकानुशतकं टिकतो. त्याला कुजवतो तो सिमेंटचा गिलावा. चुन्यातून ओल बाहेर पडते, सिमेंट ती लाकडाशी कोंडून ठेवतं. पेठांमध्ये मी हेच उघडतो: वरून गुळगुळीत सिमेंट, आत खांबाचा भुगा. ताई, तुमचा वाडा अजून उभा असेल तर खांबाचा बुंधा आणि तळखड्याचा, म्हणजे खांबाखालच्या दगडाचा, सांधा एकदा उघडा करून बघा. पाडायचंच ठरलं असेल, तर लाकूड टिंबर मार्केटला जाण्याआधी प्रत्येक जोडाचे फोटो काढा, मोजपट्टी शेजारी ठेवून. मापं काढायला मी येईन, पैशांचा विषय नाही. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

माजघर:
वाडा उभा आहे, पण पुनर्विकासाच्या सह्या झाल्यात. व्यनि केलाय. दादा सकाळी घरी असतो, दिंडीची किल्ली त्याच्याकडेच आहे.