आकाशात काही दिसलं तर तपासायचं कसं? : अनुभव धागा

धागाकर्ता, बेळगाव

परग्रहावर जीव आहे की नाही, यावर आपल्याकडं रात्र सरेपर्यंत वाद रंगतो. पण राकसकोपच्या बाजूला किंवा जांबोटीच्या रानावर दिवा दिसला अशी बातमी आली की गाडं तिथंच अडतं. वेळ, दिशा आणि उंची कुणी टिपलेलीच नसते. बहुतेक प्रकरणं उलगडत नाहीत ती नोंद अपुरी असल्यामुळं, असं माझं ठाम मत आहे. म्हणून इथं आपापल्या गोष्टी नकोत. ज्याला जे तपासता येतं त्यानं ते आकड्यांसकट सांगावं.

मापापासून सुरू करू. हात सरळ पुढं ताणून मूठ वळा. मुठीची रुंदी सुमारे १० अंश, करंगळीच्या नखाची सुमारे १ अंश. चंद्राचं बिंब अर्ध्या अंशाचं, म्हणजे करंगळीमागं पुरतं झाकलं जातं. आपली मूठ बरोबर मापते का, हे ध्रुवताऱ्यावरून कळतं. बेळगावचा अक्षांश १६ अंशांच्या जरा आत, म्हणून ध्रुव उत्तर क्षितिजापासून तेवढ्याच अंशांवर, म्हणजे दीड मुठीवर दिसायला हवा. तुमच्या मोजणीत एकच मूठ आली तर हात वाकलाय, किंवा डोंगराची कड क्षितिज धरलीय.

"ताटाएवढा मोठा होता" या वर्णनाला काही अर्थ नाही. ताट किती लांब धरलं ते कोण सांगणार? "करंगळीच्या निम्मा, नैऋत्येला, तीन मुठी वर, ७ वाजून ४२ मिनिटांनी" एवढं लिहिलं की निम्मं काम झालं.

एकट्या दिव्याकडं अंधारात टक लावून पाहिलं की तो हलतोय असं वाटायला लागतं. हा डोळ्याचा गुण आहे, सगळ्यांनाच होतो. विजेचा खांब किंवा घराची वळचण गाठा, डोकं तिला टेकवा आणि दिवा तिच्या कडेला लावून पाच मिनिटं बघा. खांबापासून तो हळूहळू पश्चिमेला सरकला तर तारा किंवा ग्रह. चार मिनिटांना एक अंश, हा पृथ्वीच्या फिरण्याचा वेग.

चिकोडीकर

आमच्या माळावर अडवायला काही नाही, त्यामुळं क्षितिजाजवळचे दिवे जास्त दिसतात आणि गोंधळही जास्त होतो. पहिला संशय शुक्रावर घ्या. तो सूर्यापासून ४७ अंशांपेक्षा लांब जातच नाही. म्हणून संध्याकाळी पश्चिमेला नाहीतर पहाटे पूर्वेला, आणि सूर्यास्तानंतर जास्तीत जास्त तीन तासांच्या आसपास. रात्री बारा वाजता डोक्यावर लखलखणारा दिवा शुक्र असूच शकत नाही, तिथं गुरू तपासा. १० बाय ५० ची दुर्बीण भिंतीवर टेकवून धरली तर गुरूशेजारी एका रेषेत चार बारीक ठिपके, म्हणजे त्याचे चंद्र, दिसतात.

क्षितिजाजवळ हवेचा थर जाड असतो, त्यात तारा लाल-हिरवा-निळा लुकलुकतो. हिवाळ्यात व्याध उगवताना हे सगळ्यात जास्त दिसतं, आणि "रंग बदलणारं यान" म्हणून तोच सांगितला जातो. एक मूठ वर येऊ द्या, रंग निवतात.

आता सरकणारे दिवे. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक ४०० किलोमीटरच्या जरा वर, ९२-९३ मिनिटांत एक फेरी. ते कायम पश्चिमेच्या अंगानं उगवतं, लुकलुकत नाही, आणि जास्तीत जास्त सहाएक मिनिटं दिसतं. मध्येच विझलं तर घाबरू नका, पृथ्वीच्या सावलीत गेलं. मे २०१९ पासून स्टारलिंकच्या माळा दिसायला लागल्या. सोडल्यावर पहिले काही दिवस ते उपग्रह खालून, एकामागं एक, सारख्या अंतरानं जातात. मग साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास चढतात आणि विखुरतात.

आपल्या अक्षांशावर साडेपाचशे किलोमीटर उंचीचा उपग्रह डोक्यावर असेल तर सूर्यास्तानंतर साधारण दीड तासच उजळलेला राहतो. नंतर सावली. त्यामुळं घड्याळ बघणं फार महत्त्वाचं. मध्यरात्री डोक्यावरून संथ सरकणारा, स्थिर प्रकाशाचा ठिपका कुणी नोंदवला तर मी ती नोंद वेगळी काढून ठेवतो, कारण सोपं उत्तर तिथं बसत नाही.

सांबऱ्याची, म्हणजे बेळगाव विमानतळाची, धावपट्टी साधारण पूर्व-पश्चिम आहे. त्या रेषेत उभं राहिलं तर उतरायला येणारं विमान सरळ तोंडावर येतं आणि दोन-तीन मिनिटं एका जागी थांबल्यासारखं दिसतं. आपल्याकडं येणाऱ्या विमानाचा हिरवा दिवा आपल्या डाव्या हाताला, लाल उजव्या हाताला. उलटं दिसलं तर ते लांब चाललंय.

अथणीकर

मोबाईलच्या फोटोबद्दल थोडं. फोटोत रस्त्याचा दिवा असेल आणि आकाशात हिरवट ठिपका, तर दिव्यापासून फोटोच्या बरोबर मध्यातून रेघ ओढा आणि तेवढीच पुढं न्या. ठिपका तिथंच सापडला तर ते भिंगातलं प्रतिबिंब. खात्रीसाठी फोन जरा हलवा, प्रतिबिंब दिव्याच्या उलट बाजूला पळतं.

झूम करून काढलेली "चकती" म्हणजे फोकस सुटलेला तारा. व्हिडिओ काढताना फोकस दूरवर बांधून ठेवा, झूम करू नका, आणि चौकटीत घराचं छप्पर किंवा झाड येऊ द्या. नुसत्या काळ्या आभाळातला ठिपका कुणालाही मोजता येत नाही. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका, त्यातली वेळ-ठिकाणाची माहिती गळते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

सौंदत्तीकडं पवनचक्क्यांवरचे लाल दिवे डोंगरकडेला रांगेत उघडझाप करतात. नकाशावर आपल्या जागेवरून त्या दिशेची रेघ ओढली की उलगडा होतो.

हुमनाबादकर, जिल्हा बीदर

बेळगावकरांना कदाचित ठाऊक नसेल, पण आमच्या भागात सगळ्यात चकवणारी वस्तू हैदराबादेतून येते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं फुगे सोडण्याचं केंद्र तिथं आहे. हे फुगे पातळ पॉलिथिनचे, वर गेल्यावर ५० ते ८५ मीटर व्यासाचे होतात आणि ३० ते ४२ किलोमीटरवर काही तास तरंगतात. ६० मीटरचा फुगा ३५ किलोमीटरवर डोक्यावर असेल तर चंद्रबिंबाच्या पाचव्या हिश्शाएवढा दिसतो. म्हणजे ताऱ्यासारखा ठिपका नाही, बारीकसा गोळाच. गावात सूर्य मावळल्यावरही वर पंचवीसेक मिनिटं ऊन असतं, त्या वेळात तो चांदीसारखा चमकतो आणि मग लाल होऊन विझतो. पंचवीस मिनिटांत विझलेला, जवळजवळ न हललेला गोळा म्हटलं की मी आधी फुगाच धरतो.

काम झालं की यंत्रं मोठ्या रंगीत हवाई छत्रीनं खाली येतात. जानेवारी २०२५ मध्ये आमच्याच तालुक्यात जलसंगी गावात असा फुगा एका घरावर उतरला होता. असं काही सापडलं तर उघडू नका, ओढू नका. यंत्रावर संपर्काचा पत्ता असतो, नसला तर पोलिसांना कळवा. यंत्र कितीही चांगलं असलं तरी उघडल्यावर आतली नोंद वाया जाते, आणि त्यात कित्येकांचे महिनोन् महिन्यांचे कष्ट असतात. शिवारात पडलेलं पॉलिथिन जनावरांच्या तोंडाला लागू देऊ नका, एवढं मात्र लगेच करा.

निपाणीकर

हुमनाबादकर, फुग्यांवरून बरी आठवण दिलीत. आपल्या शेजारच्या कोल्हापूरचे जयंत नारळीकर ज्या प्रयोगामागं होते, तो याच केंद्रातला. एप्रिल २००५ मध्ये फुग्यासोबत पोलादाच्या १६ निर्जंतुक, निर्वात नळ्या वर गेल्या. त्या द्रवरूप निऑनमध्ये बुडवलेल्या, त्यामुळं झडप उघडली की वरची विरळ हवा आत ओढली जाऊन गोठायची. २० ते ४१ किलोमीटरवरची हवा अशी गोळा केली. नमुने हैदराबाद आणि पुणे इथल्या दोन वेगळ्या प्रयोगशाळांत तपासले. जिवाणूंच्या १२ आणि बुरशीच्या ६ वसाहती वाढल्या. त्यातले तीन जिवाणू नवे निघाले, अतिनील किरणांना जास्त तोंड देणारे. २००९ मध्ये ते जाहीर झाले, एकाचं नाव आर्यभटावरून ठेवलंय.

ते बाहेरून आले की खालून चढले, हे मात्र त्या प्रयोगातून ठरत नाही, आणि इस्रोनं जाहीर करताना तसं स्पष्ट सांगितलं होतं. मला त्यातली शिस्त आवडते: नळी निर्जंतुक, प्रयोगशाळा दोन, आणि दावा पुराव्याएवढाच.

पण माझा एक आक्षेप आहे. इथं सगळेच प्रत्येक गोष्टीला उत्तर आहे अशा सुरात लिहितायत. १९७७ मध्ये अवकाशातून एकदाच आलेल्या "वॉव" या रेडिओ संकेताचं काय?

टिळकवाडीकर (भौतिकशास्त्र शिकवते)

आक्षेप योग्य आहे, दादा. तो संकेत खरोखरच उलगडलेला नाही, आणि का उलगडत नाही हे नीट कळतं, म्हणून तो महत्त्वाचा.

१५ ऑगस्ट १९७७, अमेरिकेतल्या ओहायोमधली बिग इअर ही रेडिओ दुर्बीण. तिला फिरायला येत नव्हतं, पृथ्वी फिरेल तसं आकाश समोरून सरकायचं. संगणक दर १२ सेकंदांना एक अक्षर छापायचा: १ ते ९ आकडे, मग ए म्हणजे १०, बी म्हणजे ११ असं पुढं. कागदावर आलं "६ ई क्यू यू जे ५". यू म्हणजे पार्श्वभूमीच्या खळबळीच्या तीसपट. सहा अक्षरं गुणिले १२ सेकंद, झाले ७२. आकाशातली स्थिर वस्तू त्या दुर्बिणीच्या झोतातून, म्हणजे तिला एका वेळी दिसणाऱ्या पट्ट्यातून, जायला बरोबर तेवढाच वेळ लागायचा, आणि चढउतारही तसाच. वारंवारता १४२० मेगाहर्ट्झच्या आसपास, हायड्रोजनची. जेरी एहमन यांनी काही दिवसांनी कागद चाळताना बाजूला "वॉव!" लिहिलं.

अडचण अशी, की दुर्बिणीला लहरी टिपणारे दोन कर्णे होते. तीच जागा तीनेक मिनिटांच्या अंतरानं दोन्हींतून जायची. संकेत एकातच आला. नंतर पुष्कळदा शोधूनही पुन्हा मिळाला नाही. एकदाच आलेल्या गोष्टीवर प्रयोग करता येत नाही. म्हणून ते प्रकरण उघडं ठेवायचं, त्याला परग्रहवासीयांचा निरोप म्हणायचं नाही.

आता उलट बाजू बघा. ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स रेडिओ दुर्बिणीला १९९८ पासून अधूनमधून रेडिओ लहरींचे विचित्र स्फोट ऐकू यायचे. आकाशातल्या एका बिंदूचा संकेत तिच्या १३ झोतांपैकी एका-दोघांतच यायला हवा, हे तेराही झोतांत एकदम यायचे. तिथंच कळलं की उगम जवळ आहे. वेळा पाहिल्या तर कामाच्या तासांतल्या. २०१५ मध्ये दुर्बीण वेगवेगळ्या दिशांना वळवून स्वयंपाकघरातल्या मायक्रोवेव्ह ओव्हनची चाचणी घेतली. ओव्हन बंद व्हायच्या आधीच दार उघडलं की संकेत यायचा! सतरा वर्षं लागली, पण सुटलं, कारण प्रत्येक स्फोटाची वेळ आणि झोत लिहिलेला होता.

के२-१८बी या ग्रहाबद्दल वर्गात कायम विचारतात. तो १२४ प्रकाशवर्षांवर. एप्रिल २०२५ मध्ये केंब्रिजच्या निक्कू मधुसूदन यांच्या गटानं डायमिथाइल सल्फाइडची खूण सांगितली. पृथ्वीवर हा वायू मुख्यतः समुद्रातले सूक्ष्म जीव सोडतात. त्यांची खात्री तीन सिग्मा, म्हणजे नुसत्या खळबळीतून असं दिसण्याची शक्यता हजारात तीन. शोध म्हणायला पाच सिग्मा लागतात. त्यातही खूण खरी ठरली तरी तो वायू जीवानंच सोडला हे वेगळं सिद्ध करावं लागेल. वाद घालायचाच तर या दोन पायऱ्या वेगळ्या ठेवून घाला.

खानापूरकर

आकाशातून पडलेला म्हणून दाखवले जाणारे दगड आमच्याकडं बहुतेक जांभ्यातले लोहगोळे नाहीतर जुन्या भट्ट्यांचं लोखंडी किट्ट निघतात. घरी करता येण्यासारखं एवढंच:

वजनकाट्यावर पाण्याचं भांडं ठेवून आकडा शून्य करा. दगड आधी कोरडा तोला. मग बारीक दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला टेकू देऊ नका. काट्यावर जे ग्रॅम येतील तेवढे घन सेंटिमीटर त्याचं आकारमान. दगड २१० ग्रॅम आणि काटा ६० दाखवत असेल तर घनता ३.५. साध्या दगडी उल्का ३.३ ते ३.७ मध्ये बसतात, आपला काळा बेसाल्ट ३ च्या आत राहतो. पण सच्छिद्र जांभा पाणी पितो आणि आकडा सरकत राहतो. सरकला की सोडून द्या.

फरशीच्या मागच्या, चकाकी नसलेल्या बाजूवर दगड ओढा. लालसर रेघ उमटली तर हेमॅटाइट, म्हणजे साधं लोहखनिज. उल्का जवळजवळ रेघ सोडत नाही. आत बुडबुड्यांची भोकं दिसली तर किट्ट. ताज्या उल्केला पातळ काळं कवच असतं, कागदापेक्षा थोडं जाड, आत राखाडी. साधा चुंबक दोऱ्याला टांगून लावा. नवीन जोरदार चुंबक अजिबात नको, दगडातली मूळ चुंबकीय नोंद त्यानं पुसते.

खरोखर पडताना पाहिलेला दगड असेल तर ही पाण्याची परीक्षाही करू नका. हात न लावता स्वच्छ ॲल्युमिनियमच्या कागदात गुंडाळा, जागेचा फोटो घ्या आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला कळवा.

रानातल्या हिरव्या उजेडाबद्दलही विचारतात. पावसाळ्यात कुजक्या लाकडावरची बुरशी उजळते. डोळे अंधाराला सरावायला वीस मिनिटं लागतात, मध्ये एकदा बॅटरी लावली की पुन्हा पहिल्यापासून. तिपाईवर कॅमेरा, ३० सेकंद, आयएसओ ३२०० ठेवून बघा.

चिकोडीकर

खानापूरकरांच्या दगडाच्या आधीची पायरी राहिली. उल्का सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर वेगानं येते आणि दोन-चार सेकंदांत संपते. परत येणारा रॉकेटचा तुकडा आठाच्या आतबाहेर, म्हणून तो मिनिटभरही दिसतो आणि तुकड्यांची रांग करत आडवा जातो. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी महाराष्ट्रात दिसलेलं ते हेच. चिनी लाँग मार्च ३ बी चा तिसरा टप्पा होता, आणि चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यात सुमारे तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं पडलं.

मोठा लोळ दिसला तर तिथून सेकंद मोजायला लागा. आवाज तीन सेकंदांत एक किलोमीटर येतो. ९० सेकंदांनी गडगडाट झाला तर फुटण्याची जागा तीसएक किलोमीटरवर. आणि मोजताना खिडकीच्या काचेपासून लांब राहा. १५ फेब्रुवारी २०१३ ला रशियात चेल्याबिन्स्कवर लोळ फुटला, लोक उजेड बघायला खिडकीशी गेले, आवाजाचा धक्का मिनिट-दोन मिनिटांनी आला. दीड हजारांच्या आसपास लोक जखमी झाले, बहुतेक काचांनी.

धागाकर्ता, बेळगाव

चिकोडीकर, तुमची मध्यरात्रीची वेगळी काढलेली नोंद इथं टाका. जागा आणि वेळ सेकंदापर्यंत, दिशा होकायंत्राच्या अंशांत, उंची मुठीत. त्याच वेळी निपाणी किंवा अथणीहून कुणी पाहिलं असेल तर त्यांनीही मुठी द्याव्यात. दोन गावांमधलं अंतर आणि दोन्हीकडचे कोन मिळाले की उंची कागदावर काढता येते.