सातव्या पिढीचा आय-थ्री लॅपटॉप : एसएसडी टाकू की नवाच घेऊ? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

लॅपटॉपबद्दल सल्ला हवाय. थोडं लांबलंय, पण सगळं एकदाच सांगून टाकते म्हणजे तुम्हाला परत परत विचारायला नको.

२०१९ मध्ये साताऱ्यातून २६ हजारांना घेतलेला लॅपटॉप आहे. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा तिकडेच वळतो. इंटेलचा आय-थ्री ७०२०यू प्रोसेसर, ४ जीबी रॅम, १ टीबीची साधी हार्डडिस्क, डीव्हीडी रायटर, विंडोज १०. मी झेडपीच्या शाळेत शिकवते, त्यामुळे प्रश्नपत्रिका, निकालपत्रकं, यू-डायस प्लसच्या सरकारी पोर्टलवर शाळेची माहिती भरणं, पोषण आहाराचे हिशोब आणि घरी आल्यावर थोडं यूट्यूब, एवढंच काम. तेवढ्या कामाला त्याने चांगली साथ दिली हे आधी सांगते. कीबोर्ड तर अजून एक नंबर आहे, इनस्क्रिप्टमध्ये टाइप करून करून बटणांवरची अक्षरं पुसली गेलीत पण एकही बटण अडकत नाही. लॉकडाऊनमधले ऑनलाइन वर्गही यावरच घेतले.

आता रडगाणं. चालू केला की डेस्कटॉप दिसतो लवकर, पण त्यानंतर काहीच उघडत नाही, टास्क मॅनेजर लावला की डिस्क १०० टक्के, आणि सीपीयू बघावा तर दहा-पंधरा टक्क्यांवर आरामात बसलेला. क्रोममध्ये पोर्टल उघडून बाजूला एक्सेल लावलं की माउसचा बाण पण अडखळतो, आणि पोर्टलला तेवढा धीर नसतो, ते सेशन संपवून परत लॉगिन मागतं. शेवटच्या तारखेला हे झालं की डोकं फिरतं हो.

दुसरं म्हणजे हिंज, म्हणजे झाकणाची बिजागरी. झाकण उघडताना उजव्या कोपऱ्यात कट्ट आवाज येतो आणि स्क्रीनची फ्रेम खालच्या बॉडीपासून सुटून वर येते. टॉर्च मारून बघितलं तर हिंजचा स्क्रू पितळी नटासकट प्लास्टिकमधून उपटून आलाय, नट तसाच स्क्रूला लटकतोय. सध्या झाकण उघडंच ठेवते, वर ओढणी टाकते धूळ बसू नये म्हणून.

बॅटरी गेल्यातच जमा. कुणीतरी इथंच सांगितलेली पॉवरसीएफजीची कमांड देऊन रिपोर्ट काढला, मूळ क्षमता ४१ हजार एमडब्ल्यूएच आणि आता फुल चार्ज होते १६ हजारांना. पण घरी-शाळेत दोन्हीकडे प्लग आहे त्यामुळे चालतंय.

दुकानदार म्हणाला एसएसडी (हार्डडिस्कच्या जागी बसणारी, फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) आणि ८ जीबी रॅम मिळून साधारण आठ हजार, हिंजचे वेगळे, "पण मॅडम यात पैसे घालू नका, विंडोज ११ पडत नाही यावर." मिस्टर पण म्हणतात नवाच घे, हप्त्यावर मिळतोय. मला खटकतंय ते हे की मशीन मरायला टेकलेलं वाटत नाही, फक्त दमलंय. आणि विंडोज सोडता येत नाही, कारण शाळेच्या जुन्या प्रश्नपत्रिका सगळ्या श्रीलिपीत (मराठी टायपिंगचं जुनं सॉफ्टवेअर, त्याचे फॉन्ट वेगळे) आहेत, युनिकोडमध्ये नाहीत, दुसऱ्या मशीनवर उघडल्या की नुसती चिन्हं दिसतात. त्यामुळे लिनक्स टाका असं प्लीज सांगू नका 🙏

तर आठ-दहा हजार घालावेत का? आणि नवा घ्यायचा तर ३५ हजारांत काय बघू?

प्रतिसाद १

ताई, डिस्क १०० आणि सीपीयू निवांत म्हणजे दोष हार्डडिस्कचाच, ती बहुतेक ५४०० आरपीएमची असणार. नुसती एसएसडी टाकली तरी फरक जाणवेल. रॅम घ्यायच्या आधी टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर रॅमचे स्लॉट (खाचा) किती ते बघा, फॉर्म फॅक्टरपुढे "रो ऑफ चिप्स" आलं तर आहे ती रॅम बोर्डावरच चिकटवलेली आहे. तुमचा प्रोसेसर डीडीआर४ २१३३ चालवतो, दुकानात ३२०० ची मिळाली तरी घ्या, ती आपोआप खालच्या स्पीडला चालते. जास्त स्पीडचे जास्त पैसे मात्र देऊ नका.

प्रतिसाद २

दुकानदार विंडोजबद्दल खोटं बोलत नाहीये. ११ ला इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो, तुमचा सातवीचा. गंमत म्हणजे ७०२०यू आणि आठव्या पिढीचा ८१३०यू दोन्ही २०१८ मध्येच आले, एकाला प्रवेश आणि एकाला दार बंद. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, पण जादा सिक्युरिटी अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत घेता येतात. २२एच२ व्हर्जन आणि मायक्रोसॉफ्ट अकाउंट लागतं, सेटिंग सिंक चालू ठेवलं तर पैसे पडत नाहीत. त्यानंतर काय हा प्रश्न उरतोच. म्हणून मी म्हणेन एसएसडी घाला, कारण ती पुढं केस लावून बाहेरची डिस्क म्हणून तरी वापरता येते, रॅमवर खर्च नको.

नवा बघताना एएमडीचा रायझन ३ ७३२०यू प्रोसेसर दिसेल, स्वस्त असतो. ७३२० मधल्या पहिल्या ७ ला भुलू नका, तिसरा आकडा बघा, २ म्हणजे आत झेन २ आहे, ती प्रोसेसरची २०१९ ची रचना. शिवाय त्यात रॅम बोर्डावरच असते, नंतर वाढवता येत नाही, म्हणून ८ जीबीच्या खाली घेऊच नका.

प्रतिसाद ३

हिंज आधी करा!! आमच्याकडे असंच ढकलत राहिलो आणि स्क्रीनची केबल तुटली. पूर्ण बॉडी बदलायला सांगतील, पण पुण्यात तपकीर गल्लीत नट परत बसवून इपॉक्सीने भरून देणारे आहेत, साताऱ्यातही विचारून बघा. आणि ओढणी टाकता ती लॅपटॉप चालू असताना टाकू नका, हवा अडते.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. स्लॉट १ ऑफ २ दाखवतोय, आणि हो, "रो ऑफ चिप्स"च आहे. रॅमचं नंतर बघू, एसएसडी आणि हिंज करून घेते. एक शेवटचं. विंडोज परत टाकलं तर लायसन्स की विकत घ्यावी लागेल का, आणि जुनी १ टीबी डिस्क डीव्हीडीच्या जागी बसते म्हणतात ते खरंय?

प्रतिसाद २

की लागत नाही, डिजिटल लायसन्स मदरबोर्डला जोडलेलं असतं, नेट लावलं की आपोआप ॲक्टिव्हेट होतं. पण आधी प्रश्नपत्रिका आणि श्रीलिपीचे फॉन्ट पेनड्राइव्हवर घ्या, श्रीलिपीचा डोंगल (यूएसबीला लावायची लायसन्सची चावी) असेल तर तोही जपून ठेवा. डिस्क बसते, त्यासाठी कॅडी नावाची चौकट मिळते. जाडी दोन येतात, ९.५ आणि १२.७ एमएम, तेव्हा डीव्हीडी ड्राइव्ह काढून सोबत न्या. खालून बहुतेक एकच स्क्रू असतो.