आफ्रिकेतून आलेला तरुण अमेरिकन फुटबॉलचा व्यावसायिक खेळाडू कसा होतो?

क्रीडावाचक:
एनएफएलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या सर्वोच्च व्यावसायिक लीगच्या संघांत नायजेरिया आणि घाना येथे जन्मलेले खेळाडू पाहिले की मला एक प्रश्न नेहमी पडतो. जेथे हा खेळ शाळांतून खेळला जात नाही तेथे वाढलेला तरुण, विशी ओलांडल्यावर तो शिकून सर्वोच्च पातळीवर कसा पोहोचतो? केवळ शरीरयष्टी हे उत्तर मला पटत नाही. कोणी एखाद्याचा प्रवास सविस्तर सांगावा.

जुना_प्रेक्षक:
क्रिस्चन ओकोये यांच्यापासून सुरुवात करावी लागेल. १९६१ साली नायजेरियातील एनुगू येथे जन्मलेले ओकोये कॅलिफोर्नियातील अझूसा पॅसिफिक या लहानशा विद्यापीठात आले, ते मैदानी खेळांच्या शिष्यवृत्तीवर. ते थाळीफेकपटू होते आणि १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये देशासाठी उतरण्याची त्यांची इच्छा होती. परंतु नायजेरियाने त्यांना संघात घेतले नाही, आणि त्यानंतरच, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्यांनी प्रथम फुटबॉलचा पोशाख चढवला. १९८७ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू फेरीफेरीने निवडतात त्या वार्षिक निवडीत, कॅन्सस सिटी चीफ्सने त्यांना दुसऱ्या फेरीत निवडले. १९८९ च्या हंगामात ३७० वेळा चेंडू घेऊन धावत त्यांनी १,४८० यार्डांची मजल मारली व संपूर्ण लीगमध्ये पहिले स्थान मिळवले. दुसऱ्या क्रमांकावरील बॅरी सँडर्स अवघे १० यार्ड मागे होते. एवढ्या उशिरा सुरुवात करून अशी कामगिरी करणारा खेळाडू मला दुसरा आठवत नाही.

मात्र धडकांचा हा खेळ शरीराची किंमत वसूल करतो. दुखापतींनी गाठले आणि १९९२ चा हंगाम त्यांचा शेवटचा ठरला.

युटाहवासी:
वरील उत्तराला एक जोड देतो. घानातील अक्रा येथे जन्मलेले इझिकेल अन्साह २००८ साली युटाहमधील ब्रिगहॅम यंग विद्यापीठात आले. त्यांना बास्केटबॉल खेळायचा होता, पण त्या संघात निवड झाली नाही. पुढे ते धावण्याच्या स्पर्धांत उतरले आणि २०१० मध्ये शिष्यवृत्तीशिवाय फुटबॉल संघात दाखल झाले. तेव्हा संरक्षक पॅड कसे बांधायचे हेही त्यांना ठाऊक नव्हते, आणि तरीही २०१३ च्या ड्राफ्टमध्ये डेट्रॉइट लायन्सने त्यांना पाचव्या क्रमांकावर निवडले.

आपला शरीरयष्टीबाबतचा संशय योग्य आहे. दणकट, वेगवान तरुण अमेरिकेत पुष्कळ असतात. अन्साह यांना जे मिळाले ते म्हणजे जवळजवळ तीन वर्षे रोज शिकवणारे प्रशिक्षक, चित्रफिती पाहून प्रतिस्पर्ध्याच्या हालचाली ओळखण्याची सवय आणि चुका करण्याची मुभा. हे विद्यापीठात मिळते, व्यावसायिक संघात मिळत नाही. तेथे प्रत्येक हंगामापूर्वी यादी ५३ जणांवर आणावी लागते.

क्रीडावाचक:
मनापासून आभार. मग उशिरा आलेल्यांना काही ठरावीक जागाच मिळतात का?

जुना_प्रेक्षक:
बहुतांशी होय. क्वार्टरबॅकला, म्हणजे आक्रमणाची सूत्रे हाती असणाऱ्या व चेंडू फेकणाऱ्या खेळाडूला, समोरच्या बचावाची मांडणी क्षणात वाचावी लागते आणि ती नजर लहानपणापासून घडते. बचावफळीत अगदी पुढे उभे राहणारे डिफेन्सिव्ह एन्ड (कडेचे) वा टॅकल (मधले) यांचे काम सोपे नाही, परंतु तेथे पहिल्या दोन पावलांचा वेग, हातांचा वापर आणि ताकद यांच्या बळावर नवशिक्याला उभे राहता येते व बाकीचे सरावाने शिकता येते. लागोसमध्ये जन्मलेले डेव्हिड ओन्येमाटा कॅनडातील मॅनिटोबा विद्यापीठात शिकायला गेले आणि तेथे पहिल्यांदा हा खेळ खेळले. २०१६ मध्ये न्यू ऑर्लिन्स सेंट्सने त्यांना चौथ्या फेरीत घेतले.

युटाहवासी:
आता विद्यापीठाबाहेरचाही एक मार्ग आहे. २०१७ पासून एनएफएल परदेशी खेळाडूंसाठी 'इंटरनॅशनल प्लेयर पाथवे' हा उपक्रम चालवते, आणि २०२२ मध्ये लीगने अक्रा येथे शिबिर घेतले. आफ्रिकेतील या कामाचे नेतृत्व ओसी उमेन्योरा करतात. त्यांचे बालपण काही काळ नायजेरियात गेले आणि न्यूयॉर्क जायंट्सकडून त्यांनी दोन सुपर बोल (लीगचे अंतिम विजेतेपद सामने) जिंकले. तरीही ज्याच्या हाती अभ्यासासाठी शिष्यवृत्ती आहे, त्याने ती सोडून थेट शिबिरांवर विसंबू नये असे मी आग्रहाने सांगेन, कारण संघाने सोडल्यास पदवी तरी हाती राहते.